वकिलाची बैठक

सत्तरच्या दशकात जिल्हा कचेरीसमोरील कडुनिंबाखाली मी अर्ज लिहीत असे. शिक्षण सातवीपर्यंतचे, तथापि वाचन दांडगे. खेड्यांतील मंडळी मला वकीलसाहेब म्हणत आणि मी ते खोडून काढीत नसे. काळ्या कोटातले एक गृहस्थ एकदा हसून म्हणाले, "सनद कोठून आणली गा?"

मी त्यांस शांतपणे समजावले, की भोसल्यांच्या राज्यात वकील म्हणजे कोर्टात भांडणारा नव्हे. एका दरबाराने दुसऱ्या दरबारी ठेवलेला माणूस. पत्र पोचविणारा जासूद निराळा. वकील धन्याच्या जागी बसे. त्याला उठविले म्हणजे धन्याला उठविले, त्याला विडा दिला म्हणजे धन्याला दिला.

पारशिवनीकडील एक म्हातारे अर्जासाठी खोळंबले होते. ते म्हणाले, "मंग मले अर्ज नाही पाहिजे. तुम्हीच जा जी, माझे वकील म्हणून."

त्यांची एकुलती लेक सक्करदऱ्यास दिली होती. लग्नात व्याह्यांना मागल्या पंगतीत बसविले गेले, आणि तेव्हापासून लेक माहेरी धाडली गेली नव्हती. आता तिच्या आईची नजर जात चालली होती.

"मुद्दाम नाही केलं, त माफी काहून मागू?" म्हातारे म्हणाले. "एवढंच सांगा, मायले दिसते तोवर लेक पाठवा."

हिवाळ्याची दुपार होती. सक्करदऱ्याच्या तलावावरचे ऊन पाण्यातून गाळून आल्यासारखे मऊ झाले होते. चालताना मला वाटत राहिले, की पुढे भालदार चालले आहेत, मागे चवरी ढळते आहे, आणि सायकलवाले त्यामुळेच कडेला होत आहेत.

व्याही ओसरीत बाजेवर बसले होते. मी कोणाचा वकील ते सांगितले, मग निरोप सांगितला.

"त्याचे पाय मोडले का?" ते म्हणाले आणि खुर्चीकडे बोट केले. "बसा."

मी खुर्ची घेतली नाही. बाजेच्या पायथ्याशी, जोडे काढतात तेथे, भुईवर बसलो. आत वाजत असलेल्या बांगड्या थांबल्या. भिंतीवर तलावाच्या पाण्यावरून आलेली उन्हाची तिरीप हलत होती आणि मला ती कोण्या दरबाराच्या पडद्यासारखी भासली.

"वर बसा ना जी."

"मी त्यांच्या जागी आलो आहे. मी बसलो तेथे ते बसले."

व्याह्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले. मग पानाचा डबा ओढून सावकाश विडा लावला.

"त्याले इथं बसलेलं पाहाचं होतं मले," ते म्हणाले. "आन् पाहतो त तोंड तुमचं. घ्या." विडा माझ्या हाती देऊन त्यांनी आत हाक दिली, "सूनबाई, निघ वं. मायजवळ राहून ये."

तलावाच्या काठाने ती गाठोडे घेऊन माझ्यामागून चालत होती. वळणावर तिने विचारले, "काका, मायले दिसते ना अजून?"

मला ते ठाऊक नव्हते, आणि या प्रश्नाचे उत्तर म्हाताऱ्यांनी मजपाशी दिलेले नव्हते.

"दिसते," मी म्हणालो. "पण जरा भरभर चाल."