सरकारचं कांडप

कर्जतच्या बाजारात तात्यांच्या पगडीइतकी ताठ वस्तू दुसरी नव्हती. पगडीखालचा माणूस तेवढा ताठ नसल्यामुळे तिला जरा जास्तच काम पडे. इंग्रजी चौथीत दोनदा आपटून, सासऱ्यांच्या ओळखीने तात्या कचेरीत चिकटले आणि तिथेच कारकून म्हणून मुरले. नाव गोपाळकृष्ण. पण हे नाव पुऱ्या लांबीने उच्चारणारे गावात ते एकटेच.

तुच्छतेची त्यांना मनापासून आवड. वाणी म्हणजे चोर, कुणबी म्हणजे लबाड, गिऱ्हाईक म्हणजे हावरट. आणि ज्याला यातलं काहीच म्हणता येत नसे तो मूर्ख. असा माणूस सरकारला हवाच असतो. फक्त त्याच्याजोगं काम निघावं लागतं.

ते निघालं देशावर पाऊस चुकला त्या साली. इकडे भात बरं पिकलं होतं, पण तांदळाचा भाव चढू लागला आणि लोक कुरकुरू लागले. मग कुण्या साहेबाने हुकूम काढला: या बाजारात तांदूळ, मग तो कसलाही असो, एकाच भावाने विकायचा. जास्त घेईल त्याचा माल जप्त. साहेब स्वतः पाव खात असल्यामुळे तांदळाच्या बाबतीत तो अगदी निःपक्षपाती होता. या ठरलेल्या भावाला म्हणायचं निरख, आणि तो पाळला जातो की नाही हे बघायचं तात्यांनी.

पहिल्या बाजारी लोकांनी तात्यांना दुवा दिला. दुपारपर्यंत तांदळाचा दाणा उरला नाही. पुढच्या बाजारी जुना तांदूळ दिसेना. कणगीत वर्ष-दोन वर्षं मुरलेला तांदूळ शिजवला की फुगतो, आजाऱ्याच्या पोटाला सोसतो, म्हणून नेहमीच महाग. तो नव्याच्या भावात कोण काढील? त्याच्या पुढच्या बाजारी तर तांदूळच आला नाही. ज्यांच्याकडे बैलगाडी होती त्यांनी माल स्टेशनावर नेऊन आगगाडीने घाटावर चढवला. हुकमाला घाट चढता येत नव्हता. ज्यांच्याकडे गाडी नव्हती ते टोपल्यात न कांडलेलं भात घेऊन बसले. हुकमात तांदूळ लिहिलं होतं, भात नव्हतं.

नदीपलीकडच्या मालोजीची बायको बायजा अशीच टोपली मांडून बसली होती.

"हे काय?" तात्यांनी विचारलं.

"भात हाय."

"तांदूळ कुठाय?"

"ह्याच्यातच हाय की, तात्या. आत बसलाय. तुमाला बघून भायेर येत नाय."

आसपासच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तात्या मनात म्हणाले, जात लबाड ती लबाडच. पण त्या हसण्यात सुख फारसं नव्हतं. शेजारपाजारचं भात कांडून बायजाला कणी-कोंडा मिळे. कणीची पेज माणसं पीत, कोंडा कोंबड्या खात. आता लोक भातच विकू लागल्यावर तिचं मुसळ कोपऱ्यात उभं होतं. तिकडे गावात गिऱ्हाइकं भात घरी नेऊन त्याच्याकडे बघत बसत, आणि ज्यांच्या दारी उखळ नाही ती नाचणी खाऊन साहेबाचं नाव घेत.

अशात तात्यांच्या धाकट्या लेकीला, ठकीला, ताप आला. तो उतरला तेव्हा पोर चिपाडासारखी झाली होती. वैद्यांनी बजावलं, "जुन्या तांदळाची पेज. दुसरं काही नको. नवा तांदूळ पोटात गेला तर ताप उलटेल."

तात्या वाण्याकडे गेले. वाणी हात जोडून म्हणाला, "निरखाच्या भावात? नाही हो राहिला." आणि त्या 'नाही'त इतका आदर होता की तात्यांना तो कानशिलात बसल्यासारखा लागला. घरी आले तर ठकी नाइलाजाने दिलेलं नव्या तांदळाचं पाणीसुद्धा ओकून टाकत होती.

"अहो," त्यांची बायको अनसूयाबाई पोरीला थोपटत म्हणाल्या, "तुमच्या सरकारला ताप येतो तेव्हा ते काय खातं हो?"

तात्या तडक नदी ओलांडून मालोजीच्या अंगणात जाऊन उभे राहिले. मालोजी दोर वळत होता. तो बसूनच राहिला.

"जुना तांदूळ हवाय," तात्या म्हणाले. "पोर आजारी आहे. मागाल तो भाव देतो."

"आणि मंग जप्ती कोन करणार? तुमीच ना?" मालोजी म्हणाला.

बायजा बाहेर आली. तिने तात्यांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तांदूळ नाय आमच्यात. जुनं भात हाय कणगीत. भाताला निरख नाय. घेऊन जावा."

"माझ्याकडे उखळ नाही. भाड्याची खोली. तूच दे ना कांडून, बाई."

"आमचं कांडप सरकारनं बंद केलं. आता सरकारनंच कांडावं." तिने कोपऱ्यातलं मुसळ आणून त्यांच्या हातात दिलं. "पोरीसाठी हाय म्हणून उखळ देते. नायतर तेबी दिलं नसतं."

कांडण हे बायकांचं काम. गड्याने मुसळ धरलेलं त्या वाडीने पाहिलं नव्हतं, कारकुनाने तर नाहीच. कुडापलीकडे माणसं जमली. तात्यांनी पगडी काढून तुळशीजवळ ठेवली, धोतर खोचलं आणि घाव घातला. निम्मं भात उखळाबाहेर उडालं.

"हळू रं बाबा," म्हातारी सासू ओटीवरून बोलली, "त्यानं काय केलंय तुजं?"

हाताला फोड येईपर्यंत तात्या घाव घालत होते. शेवटी बायजाने सुपात पाखडून बघितलं. तांदूळ कमी, कणीच फार.

"वाया गेलं," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज एवढासा झाला होता.

"नाय गेलं. पेजंला कणीच बरी." तिने सुपातलं सगळं त्यांच्या उपरण्यात बांधलं आणि कोंडा स्वतःकडे ठेवून घेतला.

ठकीने त्या संध्याकाळी वाटीभर पेज घेतली, आणखी मागितली. ती पोटात राहिली. तात्या दाराशी बसून तिच्या घोटांचा आवाज ऐकत होते. अनसूयाबाईंनी त्यांच्या तळव्यांना तूप लावलं.

पुढच्या बाजारी तात्या पुन्हा जागेवर उभे. हुकूम होता, नोकरी होती.

"पोर कशी हाय?" बायजाने विचारलं.

"उठून बसते आता."

"मंग येता का परत कांडायला? सासू म्हनती, माणूस मंद हाय, पन फुकट हाय."

तात्यांनी नजर बाजूला वळवली. शेजारी बसलेल्या चिंधी नावाच्या बाईच्या टोपलीत भाताच्या थराखाली पांढरंशुभ्र काहीतरी दिसत होतं, आणि एक म्हातारी त्यासाठी जास्तीचा भाव चिंधीच्या मुठीत गुपचूप कोंबत होती. तात्यांना ते स्वच्छ दिसलं. ते वळले आणि पलीकडे जाऊन कोथिंबिरीचा भाव विचारू लागले. कोथिंबिरीला निरख नव्हता.