निळा की बदामी

माझे वडील धर्मपाल. पस्तीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात त्यांनी वॅगनी रंगवल्या. हिंदी मुलखातल्या गुढियारी वस्तीत, आमच्या घरी मात्र त्यांचा रंग एकच. दर वर्षी भीमजयंतीआधी समोरची खोली निळी व्हायची, तीही त्यांच्याच हातानं. पेंटर लावू म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं.

यंदा मी म्हटलं, "बाबा, इस बार बदामी करू. निळ्यानं खोली अंधारी दिसते."

खरं कारण वेगळं होतं. नव्या ऑफिसातले साहेब जेवायला येणार होते. तिथं मी आडनाव लावत नाही. साहेबांनी कधी काही विचारलं नव्हतं, पण चोराच्या मनात चांदणं. नावातून लपवलेलं भिंतीनं सांगायला नको, एवढंच माझं म्हणणं. बत्तीस वर्षांचा घोडा झालो, तरी हिंमत एवढीच.

बाबांनी वाद घातला नाही. भिंतीवर शेजारीशेजारी दोन्ही रंगांचे हातभर पट्टे मारले. मी लगेच बदामीकडे बोट केलं.

"घाई काहून करून राहिला? ओला रंग खोटं बोलते. सुकू दे, मंग पाहू."

दोन दिवस सकाळी, दुपारी, ट्यूबलाइट लावून त्यांनी मला भिंतीपुढे उभं केलं. निळा एकदाही अंधारा दिसला नाही. ते दोघांनाही दिसत होतं.

"बदामीच," मी म्हणालो.

"हव," म्हणून त्यांनी डबा उघडला.

काम इतकं जीव लावून केलं की मला बघवेना. कुठं एक ओघळ नाही.

रविवारी साहेबांची गाडी गल्लीत वळली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. हळूच म्हणाले, "बाबासाहेबायचा फोटो त आत नेला. मी बी आत बसू काय?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. ते खरंच विचारत होते, माझी अडचण होऊ नये म्हणून. 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? मी मान खाली घातली. बाबा आत गेले आणि त्यांनीच पडदा ओढून घेतला.

जेवताना साहेबांनी भिंतीवर हात फिरवला. "बहुत सफाई का काम है. किससे करवाया?"

"है एक पेंटर, सर."

पडद्याआड बाबांना खोकला आला. त्यांनी तो दाबला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी साहेबांना आणखी एक पोळी वाढली.