कोपऱ्यातला सूर्य

ऑफिसात तिला यमबाई म्हणत. मागून नाही, चांगलं तोंडावर, आणि तीही खुशाल ओ देई. नाव पडायला कारण होतं. ऑफिस कॉम्प्युटरवरचे गेम बनवणारं. यानातून आकाशात भटकायचा त्यांचा एक गेम, त्यात तारे हजारो, आणि एकाच्याही कधी केसाला धक्का लागत नव्हता. बनवल्या दिवसापासून सगळे आपले तसेच, टवटवीत. त्यांना म्हातारपण आणि मरण द्यायचं काम हिच्याकडे आलं आणि हिने ते असं मनावर घेतलं की विचारू नका. मोठे तारे स्फोट होऊन जाणार. लहान तारे फुगून लाल होणार, जवळचे ग्रह गिळणार आणि मग हळूहळू विझणार.

मीटिंगमध्ये चित्रं काढणारी म्हणाली, "अगं, लोकांनी ग्रहांवर घरं बांधलीत. तेवढी तरी परत देऊ या ना."

"मेला तो मेला," ही म्हणाली. "परतच मिळणार असेल तर ते मरण कसलं? नुसता फटाका."

सरांना ते पटलं. ग्रह गेला की त्यावरचं सगळं कायमचं जाणार असं ठरलं. ताऱ्याचं वय फक्त पुढे जाईल, मागे न्यायची सोयच तिने ठेवली नाही. आता एवढा हट्ट बाईमाणसाने करावा की नाही, असं कोणी म्हणेल. मी म्हणते, करावा, पण मग आधी आपलं माणूस कुठे राहतंय ते तरी बघावं.

हिचं माणूस म्हणजे आत्या. आईबाप लवकर गेले, तेव्हापासून आत्यानेच हिला वाढवलं, लोकांचे कपडे शिवून. शिलाई मशीनच्या खडखडाटात हिचा सगळा अभ्यास झाला. पुढे आत्याचे गुडघे गेले, मशीनचं पायडल मारणं संपलं, आणि बाई दिवसभर खिडकीशी बसून चिडचिड करायला लागली. तेव्हा हिने तिला गेम लावून दिला. आधी आत्याने नाक मुरडलं. आठवड्याभराने तिचाच फोन आला, "मला गर्दी नको बाई. जिथे कुत्रंसुद्धा फिरकत नाही अशी एखादी जागा सांग." हिने अगदी टोकाच्या कोपऱ्यातला एक लहानसा सूर्य सांगितला. तिथल्या ग्रहावर आत्याने ओसरी बांधली, झाडं लावली आणि दगडाचे तुकडे जोडून जोडून एक शिलाई मशीन उभं केलं. चालत नव्हतं ते, पण दिसायला हुबेहूब जुन्यासारखं. भाची गेममध्ये भेटायला गेली की आत्या आधी तेच दाखवी.

आता ताऱ्याचं आयुष्य म्हणजे कोट्यवधी वर्षं. तो मरतो कसा हे तपासायला तेवढं थांबणार कोण? म्हणून चाचणीपुरता एखाद्या ताऱ्याचा वेग वाढवून ठेवायचा. सकाळी तरुण, संध्याकाळी खलास. चाचणी गेमच्या वेगळ्या प्रतीत चाले, तिथे कोणीच राहत नसे. तरी सवयीने हिने तारा निवडला तो कोपऱ्यातलाच, जिथे कुत्रंसुद्धा फिरकत नाही तो. काम संपलं की वेग पूर्ववत करायचा, एवढंच राहिलं होतं. आणि नेमकं शेवटच्या दिवशी भांडण पेटलं. सरांना स्फोटाचा दणदणीत आवाज हवा होता. गेमचे आवाज करणारा म्हणे, अवकाशात हवाच नाही तर आवाज कुठून येणार? हिनेही त्यात हिरिरीने तोंड घातलं. अखेर यानाच्या पत्र्याला नुसता हादरा बसेल असं ठरलं, सगळे दमून घरी गेले, आणि वेग राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी त्या चाचणीच्या प्रतीतल्या सगळ्या आकड्यांसकट नवा गेम लोकांच्या हाती गेला. लोक खूश होते. दुपारी आत्याचा फोन आला.

"अगं, माझा सूर्य सुजलाय."

"ते आम्हीच केलंय, आत्या," ही कौतुकाने म्हणाली. "आता तारे म्हातारे होतात."

"एका सकाळीत? न्याहारी केली तेव्हा बरा होता. आता अर्धं आभाळ खाल्लंय त्याने."

हिच्या तोंडचं पाणी पळालं. वेग. कोपरा. आत्या. तिन्ही गोष्टी एकदम डोक्यात आल्या.

"आत्या, तू तिथून निघ. यानात बस."

"आणि मशीन? ते कुठे नेऊ? मी इथेच बसलेय, तू बघ काय ते."

चालू गेममध्ये हात घालायची परवानगी फक्त सर्व्हर सांभाळणाऱ्याला होती, आणि तो खाली जेवायला बसला होता. ही जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरली. "माझ्या आत्याचं घर जळतंय," एवढंच म्हणाली. बिचारा हातसुद्धा न धुता धावला. वर येऊन स्क्रीनवर लाल गोळा पाहिला तेव्हा त्याला कळलं घर कुठलं ते.

"जेवण टाकून आलोय मी," तो म्हणाला.

"आधी वेग कमी कर. शिव्या नंतर दे."

त्याने शिव्या नंतरच दिल्या. आकडा बदलला, आणि दोघं बघत बसली. गोळ्याची कड ओसरीच्या मागच्या डोंगरापर्यंत आली होती. ती पुढे सरकेना. ही पापणीसुद्धा न लववता बघत होती. कड तिथेच राहिली.

"थांबला गं," फोनवर आत्या म्हणाली.

"थांबला. पण पुन्हा तरुण करता येणार नाही त्याला. तशी सोय मीच ठेवली नाही." ही म्हणाली. "तुला दुसरा सूर्य शोधून देते. चांगला, नवा."

"कशाला? म्हातारा झाला म्हणून टाकून द्यायचा?" आत्या म्हणाली. "उजेड बरा पडलाय मशीनवर. याला अजून किती आयुष्य आहे?"

"तू आणि मी असेपर्यंत याला काही होत नाही."

"मग झालं तर. जेवलीस का?"

फोन ठेवला आणि यमबाईने टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडून घेतलं. आवाज करणारा आपल्या खोलीतून घाबरून बाहेर आला.

"काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "कोणीच नाही गेलं."