देवरावजींचा काटा

शेवटचं भेटलो तेव्हा देवरावजी कूलरसमोर खाटेवर पडून होते. मे महिना, दुपारचे दोन. दार ढकलून आत गेलो तसा त्यांनी हात पुढे केला, माझ्या सदऱ्याचं टोक अंगठ्यात आणि बोटात धरून चोळलं आणि म्हणाले, "बरं आहे. बस गा, मनोहर." गेली पंधरा-सोळा वर्षं आमची प्रत्येक भेट अशीच सुरू व्हायची. रस्त्यात भेटोत, लग्नात भेटोत, आधी सदरा, मग बोलणं. वजनकाट्यावर कापूस तोलण्यात आयुष्य गेलेल्या माणसाची खोड, असं समजून मी हसायचो. त्या दिवशीही हसलो, खुर्ची ओढली, पाणी प्यालो... आठवड्याच्या आतच त्यांचा मुलगा सायकलवर निरोप घेऊन आला. "बाबा गेले." त्याला उन्हातून आल्यामुळे धाप लागली होती आणि माझ्या बायकोने आधी त्याला बसवून पन्हं दिलं. देवरावजींच्या घरचा माणूस उन्हातून येऊन उभ्याउभ्या परत गेलेला त्यांना चालला नसता.

कळमेश्वर रस्त्यावरच्या आमच्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, देवरावजी काट्यावर होते. कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, आल्या की मोजून घ्यायचं काम त्यांचं. वजन वाढावं म्हणून कोणी कापसावर पाणी मारून आणलं तर ते फक्त गंजीत हात घालायचे, चिमूटभर कापूस बोटांत चोळायचे आणि म्हणायचे, "दादा, वाळवून आण." माल आणणारा भांडत नसे आणि शेठही मध्ये पडत नसत, कारण देवरावजींचा काटा चुकत नाही हे दोघांनाही मान्य होतं. घर भाड्याचं, सायकल जुनी. पण या एका गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता, आणि तो त्यांना शोभायचा.

मला नोकरी मिळाली ती कबड्डीमुळे. जिनिंगचा संघ होता, आम्ही आठ-दहा जण नावाला कामगार आणि खरे तर खेळाडू. खेळ सुटला की नोकरी सुटली, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. हंगाम संपला, शेड रिकामी झाली की सराव सुरू व्हायचा, आणि तो घ्यायचे देवरावजी. स्पर्धा भर मे महिन्यात असायच्या. गावोगावी दिव्यांची सोय नव्हती, म्हणून सामने दुपारी तीन-चारलाच लागायचे. साहजिकच सरावही दुपारी. सारं नागपूर वाळ्याच्या ओल्या ताट्यांमागे झोपलेलं आणि आम्ही तापलेल्या मातीत!

आज माझा मुलगा शाळेच्या संघात आहे. त्याचे सर सकाळी सहाला बोलावतात आणि आठला सोडतात. शहाणपणाचंच आहे ते. पण ज्याला दुपारी खेळूनच पोट भरायचं आहे त्याने काय करावं, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. देवरावजींपाशी होतं. "मॅच काय तुले सावलीत भेटीन?" असं विचारायचे. पण तेवढ्यावर थांबायचे नाहीत. त्या काळी सरावात पाणी पिणं म्हणजे नामर्दपणा समजत. त्यांनी मैदानाच्या कडेला दोन रांजण भरून ठेवले, मीठ-गूळ घातलेले. पहिल्या दिवशी पंधराच मिनिटं, मग रोज थोडं थोडं वाढवायचं. आणि तिसरी गोष्ट मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही. आमची प्रत्येकाची वजनं त्यांनी शेडच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवली होती. अर्धा सराव झाला की एकेकाला कापसाच्या काट्यावर उभं करायचे. दोन किलोच्या वर वजन उतरलं की तो त्या दिवशी बाद. "आंगातलं पानी गेलं तुह्या. सावलीत बस." शिव्या दिल्या तरी ऐकायचे नाहीत.

त्या वर्षी संघ निवडायचा होता त्याच्या आदल्या रात्री माझं पोट बिघडलं. कोणाला बोललो नाही. नवी नोकरी, लग्न ठरलेलं, आणि सातांत नाव नसलं तर पुढे काय, हेच डोक्यात. दुपारी अर्धा सराव झाला तेव्हा अंगात पाणी उरलं नव्हतं. काट्यावर चढलो की बाद होणार हे मला कळत होतं. आग लागली तर म्हणून जिनिंगमध्ये पाण्याचा मोठा हौद भरलेला असायचा. बाकीचे रांजणाशी होते. मी हौदात गळ्यापर्यंत उतरलो, बनियन, जाड चड्डी, कमरेचा दुपट्टा सगळं चिंब करून आलो आणि काट्यावर उभा राहिलो.

आमच्या उन्हात घाम टिकत नाही. कपडे लगेच वाळतात आणि वर मिठाच्या रेघा उरतात. ओला बनियन पाहूनच त्यांना कळायला हवं होतं. पण नेमके तेव्हा मॅनेजर छत्री धरून बाजूला उभे होते. "देवराव, पोट्टे बसवून ठेवून कप भेटणार का?" आणि देवरावजी त्यांच्याशी वाद घालत होते, "साहेब, कप पुढच्या साली भेटीन, पोट्टा नाही भेटनार." बोलता बोलता त्यांनी काट्याकडे पाहिलं, वजन ठीक होतं, मला मान हलवून जा म्हणाले. हात लावून पाहिलं नाही.

पुढचं मला ऐकूनच माहीत आहे. दहा मिनिटांत पडलो, बरळायला लागलो, अंग तव्यासारखं. देवरावजींनीच मला उचलून त्याच हौदात घातलं आणि बर्फ येईपर्यंत डोकं मांडीवर धरून पाण्यात बसून राहिले. वाचलो. दवाखान्यातून आलो तोवर चौकशी होऊन गेली होती. दोन किलोचा नियम असताना पोरगा खेळला कसा, असं शेठनी विचारलं, आणि देवरावजी म्हणाले, "काटा चुकला. माही चूक आहे." संघ त्यांच्याकडून गेला. काट्यावर दुसरा माणूस आला, त्यांना गोदामात बसवलं. माझी नोकरी राहिली. मी खरं सांगायला दोनदा गोदामाच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. याची लाज मला आजही वाटते.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यांच्या घरी गेलो. बुद्धवंदना झाली, जुने सोबती त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलले. एकजण म्हणाला, "पंचवीस वर्षांत त्यांचा काटा एकदाच चुकला, तेही त्यांनी स्वतः कबूल केलं." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मग आत देवरावजींच्या पत्नीजवळ, काकूंजवळ जाऊन बसलो आणि काही तरी बोलायचं म्हणून विचारलं, "देवरावजी सगळ्यांचाच सदरा चोळून पाहत होते का हो?"

"नाही जी," काकू म्हणाल्या, "तुमचाच. मी एकडाव विचारलं, काहून जी असं करता? तर म्हणे, मनोहरचं एकदा पाहाचं राहून गेलं होतं."

बाहेर आलो तेव्हा माणसं पांगली होती, पोरं सतरंज्या झटकत होती.

म्हणजे त्यांना माहीत होतं. सोळा वर्षं माहीत होतं, आणि प्रत्येक भेटीत ते फक्त माझा सदरा पाहून घेत होते.

हल्ली मुलगा मैदानावरून आला की माझा हात आपसूक त्याच्या सदऱ्याच्या टोकाकडे जातो. "काहून जी, बाबा?" तो विचारतो. हे छापून आलं की त्याला वाचायला देईन. त्या दिवशी काटा बरोबर होता. पाणी मी मारलं होतं.