मंद निळा दिवा

दौंडकडच्या गुऱ्हाळावर म्हाळूआबांनी वीस वर्षं चुलवाणात चिपाडं सारली. जाळ डोळे दिपवायचा, पण डोळ्यांना कधी काही झालं नाही. मोठा उजेड, मोठा चटका, एवढंच शास्त्र त्यांना पाठ होतं.

गुऱ्हाळ बंद पडल्यावर ते रांजणगावजवळ पाण्याच्या बाटल्या भरायच्या कारखान्यात लागले. तिथं पाण्यातले जंतू मारायला एक निळसर दिवा होता. एके दुपारी झाकण काढलेलं असतानाच तो चालू राहिला. उजेड मंद, धग तर नाहीच. आबांनी त्याच्याशेजारी बसून निवांत भाकरी खाल्ली.

दिवस मावळताना डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं. डॉक्टरांनी पट्टी बांधली.

शिरूरच्या कॉलेजात शिकणाऱ्या लेकीनं, गौतमीनं, दाव्याचं एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि दुसरं धरून दावं संथ, उंच झुलवलं. "आबा, ही जाळाची लाट. उंच, म्हणून उजेड मोठा." मग तिनं बारीक, भराभर झटके दिले. आबांची बोटं झिणझिणली. "ही त्या दिव्याची. बरीचशी डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून दिवा मंद वाटला. पण जेवढी भरभर, तेवढी तिची ताकद जास्त."

"जाळ निदान सांगून भाजतो गं," आबा पुटपुटले.

चौथ्या दिवशी ते कामावर गेले. झाकण उघडंच होतं, आणि दिव्याशेजारी त्यांच्यासोबत बाटल्या भरणारी अंजना डबा उघडून बसली होती. आबांनी धावत जाऊन बटण बंद केलं.

"का वो आबा?" डोळे चोळत ती म्हणाली. "तुमीच म्हनला व्हता की त्या दिशी, हितं बस, धग न्हाई."