उंबऱ्याबाहेरून दाखवलेला बस्ता

भानुदास खरात यांचे अक्षय तृतीयेनंतरच्या मंगळवारी सकाळी सव्वासहा वाजता राहत्या घरी निधन झाले. वय एक्याऐंशी. गुलमंडीवरच्या एका कापड दुकानाचे ते तीस वर्षे व्यवस्थापक होते. त्यांच्या नोकरीची शेवटची दोन वर्षे मी तिथे साड्यांच्या गादीवर काम केले आणि पुढे वर्तमानपत्रात गेले. निरोप त्यांच्या सुनेने फोनवर दिला. "अण्णा गेले. चहा मागितला, अन् आणेपर्यंत..."

दुकानातही त्यांना सगळे अण्णाच म्हणत. लग्नसराईत आमच्याकडे रोज चार-पाच बस्ते असत. बस्ता म्हणजे नवरीच्या शालूपासून व्याह्यांच्या टोप्यांपर्यंत लग्नातले सगळे कापड एका बैठकीत घेणे. गंगापूर, बिडकीन, पाचोड अशा गावांहून माणसे जीप करून येत, आणि येण्याआधी दिवस ठरवत तो अण्णांशी. दुकानाशी नाही. कोणत्या घरात कोण रुसणार आहे हेही त्यांना आधीच ठाऊक असे.

मी लागले त्या वर्षी ऐन वैशाखात त्यांचा धाकटा भाऊ बिडकीनजवळच्या शेतात छातीत कळ येऊन गेला. तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि चौथ्या दिवशी सकाळी अण्णा दुकानात हजर झाले. दहा दिवसांचे सुतक चालू होते. सुतकातल्या माणसाचा हात लग्नाच्या कापडाला लागू नये, हा आमच्याकडचा रिवाज. त्या आठवड्यातले सगळे बस्ते त्यांच्या शब्दावर ठरले होते. शेठजी म्हणाले, "आलात ते बरं केलं. पण कुणाला सांगायची गरज नाही." अण्णांनी ऐकून घेतले, एक स्टूल उचलले आणि उंबऱ्याबाहेर पायरीवर मांडून बसले. येणाऱ्या प्रत्येक घराला ते आधी तेच सांगत, "माझा भाऊ गेला. सुतक आहे. कापडाला हात लावणार नाही, इथून फक्त सांगीन. चालत असेल तर आत बसा."

पहिली दोन घरे परत फिरली. शेठजी बाहेर आले. "तिसरं गेलं तर तुम्ही या सीझनला घरीच बसा. नंतरचं नंतर पाहू." अण्णा "बरं" म्हणाले.

तिसरे घर पाचोडचे होते. लग्न पाच दिवसांवर. कारभार नवरीच्या आत्याच्या हातात. तिने अण्णांकडे क्षणभर पाहिले आणि चपला काढल्या. पुढचे चार तास अण्णा पायरीवरून बोलत होते आणि माझे हात फळ्यांवर फिरत होते. "ताई, डाव्या फळीवर खालून चौथी. डाळिंबी काठाची. ती नको, तिच्याखालची," ते मला सांगत. मग आत्याला, "ती नवरदेवाच्या मावशीला द्या."

"मावशी कशी हाय, तुम्हाला काय ठाऊक?" आत्याने विचारले.

"मावश्या सगळ्या सारख्याच. घरात बारीक काठ नेसतेत अन् दुसऱ्याच्या बस्त्यात रुंद मागतेत."

"मी नवरीची मावशी हाय," मागून आवाज आला. "मलाबी रुंदच दाखवा."

दुकानात कुठले कापड कुठे आहे, ते मी त्या चार तासांत शिकले.

बस्ता बांधून झाला. आत्या गाठोडे घेऊन पायरी उतरत असताना तिचा पाय घसरला, आणि अण्णांनी गाठोडे दोन्ही हातांनी धरले. त्याच्याबरोबर तीही सावरली. शेठजी घाईने म्हणाले, "काही लागला नाही हात." अण्णांनी गाठोडे खाली ठेवले. "लागला. दोन्ही हात लागले. तुम्ही म्हणाल तर सगळं परत काढू, नवं देऊ."

आत्या म्हणाली, "पाय माझा घसरला, अन् दोष तुमचा व्हय?" ती आत गेली, माठातले फुलपात्रभर पाणी आणले आणि गाठोड्यावर शिंपडले. मग जीप थांबवून त्याच पायरीवर बसली. "झालं. पाण्यानं समदं फिटतं. आता सांगा, भावाला लेकरं किती?"

"दोन," अण्णा म्हणाले. "थोरली आता दहावीला बसंल. तिचा बस्ता मीच..." 'भाऊ गेला' यापलीकडे चार दिवसांत ते भावाबद्दल पहिल्यांदाच बोलत होते. आत्या अर्धा तास बसून राहिली. शेठजींनी दोघांसाठी चहा मागवला. अण्णांना घरी बसवण्याचा विषय नंतर निघाला नाही.

पुढे बातमीच्या टेबलावर अनेक वरिष्ठांनी मला शिकवले. गैरसोयीची गोष्ट आधी सांगायची आणि मग समोरच्याला ठरवू द्यायचे, हे मात्र मी त्या पायरीवर शिकले होते. अण्णांच्या निवृत्तीनंतर एकदा मी त्यांना तसे बोलून दाखवले. ते म्हणाले, "मी काय शिकवलं? मला तर बसायला दुसरी जागाच नव्हती."

अण्णा गेले त्या मंगळवारी दुकान बंद ठेवू नये, असे त्यांच्या मुलाने सकाळीच कळवले. अण्णांनी तसे सांगून ठेवले होते. शेठजींच्या मुलाने होकार दिला. त्या दिवशी तीन बस्ते ठरलेले होते. सध्याच्या व्यवस्थापकबाईंनी दारात उभे राहून तिन्ही घरांना, दुकानातले जुने माणूस आज सकाळी गेले, असे आधी सांगितले. तिन्ही घरे आत येऊन बसली.