‘इतर’मधले सतरा फोन

यादीशिवाय मी कामाला हात घालत नाही. भडगाव तालुक्यातल्या गावांसाठी आमच्या संस्थेने तक्रारींची फोनलाइन बनवायला घेतली, तेव्हाही आधी वहीत यादी केली. मिस्ड कॉल द्यायचा, उलट फोन येतो, माणूस आपली अडचण बोलून ठेवतो, आम्ही ती ग्रामपंचायतीकडे पोचवतो. लिहिता-वाचता यायची गरज नाही. निरोपाला चाळीस सेकंद. कप्पे पाच: पाणी, रस्ता, वीज, रेशन, इतर.

सुरुवातीला मशीनचा आवाज होता. गावात ऐकवला, तर एक नाना तोंड वाकडं करून म्हणाले, “हाई ते बँकनी बाई शे. हिनासंगे मी नही बोलस.” म्हणून माझाच आवाज भरला. सॉफ्टवेअर लिहिणारा सहकारी जळगावच्या ऑफिसात हसत होता. “ताई, एसटी स्टँडवर गाडी लागल्यासारखं नका बोलू. घरच्यासारखं बोला.” चौथ्या खेपेला, माझ्या गावाचं नाव घेऊन, जमलं. “राम राम, मी देवपूरची ताई बोलतेय. सांगा, काय अडचण?”

लाइन चांगली चालली. हातपंप दुरुस्त झाले, खांबांवरचे दिवे लागले. मग एका वस्तीवरचे आबा सार्वजनिक विहिरीत पडून गेले. त्यांची नजर जवळजवळ गेलेली होती आणि विहिरीचा कठडा एका बाजूने ढासळलेला. ग्रामपंचायतीत बैठक झाली. मला विचारलं, “ताई, तुमच्या फोनवर याबद्दल काही आलं होतं का?”

मी वही उघडली, पाण्याच्या कप्प्यावरून बोट फिरवलं आणि म्हटलं, “नाही. एकही तक्रार नाही.”

सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही.

जळगावला परतल्यावर, केवळ सवयीने, मी त्या घरचा नंबर शोधला. तो ‘इतर’मध्ये सतरा वेळा होता. पहिल्या दहा सेकंदांत अडचण कळली नाही तर निरोप ‘इतर’मध्ये टाकायचा, हा नियम माझाच. ‘इतर’ ऐकायला पुढे कोणाला वेळ झाला नव्हता.

हेडफोन लावला. आबांच्या बायकोचा, अक्काचा आवाज, सगळे बरे आहेत ना असं विचारणारा. “बठ्ठा बरा शेतस ना, ताई?”

मग शांतता. मला वाटलं निरोप संपला. पण मागे कोंबड्या ऐकू येत होत्या. अक्का थांबली होती, माझ्या उत्तरासाठी.

“पोरंसोरं बरा शेतस ना?” पुन्हा थांबली. “तुनी माय कशी शे?” पुन्हा. मग टूं वाजलं आणि फोन तुटला.

आमच्याकडे दारात आल्याआल्या कोणी गाऱ्हाणं मांडत नाही. आधी समोरच्या घराची विचारपूस, तिची उत्तरं, मग आपलं. मी खानदेशातच वाढले, मला हे कोणी शिकवायला नको होतं. आणि माणसाला थांबावंसं वाटेल असा आवाज मी मेहनत घेऊन भरला होता.

नवव्या फोनमध्ये तिने विचारपूस आवरती घेतली होती. चौदाव्यात ती म्हणाली, “बरं, आयक, आमनी हीरना कठडा...” विहिरीपर्यंत पोचली आणि टूं. सोळा ऐकले. सतरावा ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी वस्तीवर गेले. अक्का ओट्यावर बसली होती. मी बोलायच्या आत तिने विचारलं, “घरमा बठ्ठा बरा शेतस ना?”

“हो अक्का.”

“इतला फोन कया, तू बोलनी नही. मी म्हनं, हिना घरमा कोनी आजारी शे. मंग आमनं गाऱ्हानं कसं सांगानं?”

तो आवाज आधी भरून ठेवलेला होता, पलीकडे कोणी नव्हतं, हे मी तिला समजावून सांगितलं. बैठकीत मी काय म्हणाले तेही सांगितलं.

“कोनीच नव्हतं?”

“कोणीच नव्हतं.”

“मंग आते सांगी दे त्यासले,” ती म्हणाली.

ते सांगायला मी थेट ग्रामपंचायतीत गेले. तक्रार आली होती, सतरा वेळा, आणि मी चुकीचं सांगितलं, असं उभं राहून म्हटलं. कोणीतरी पुरावा मागितला. मी न ऐकलेला सतरावा निरोप, मोबाइल टेबलावर ठेवून, लावला.

“ताई?” अक्काचा आवाज आला. बाकी काही विचारलं नाही तिने. काही वेळाने मागून एका पुरुषाचा आवाज, थकलेला. तो खोलीतल्या सगळ्यांनी ओळखला.

“बोलनी का ती?”

“नही.”

“थांब जरासं. बोलई ती.”

कोणीतरी खालच्या आवाजात म्हणालं, “बंद करा ताई.” निरोप अजून संपला नव्हता. त्यात आता कोणी बोलत नव्हतं, फक्त दोघांचे श्वास ऐकू येत होते. मी तो शेवटपर्यंत चालू ठेवला.